कपाटातला नवा पाइप

मुंबईत तीस वर्षं काढून मी कापड्याला, माझ्या गावी, परतलो आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळायला निघालो. हे काम लोक पहाटे, वारा पडलेला असताना करतात. मी पोटभर जेवून भर दुपारी काडी ओढली. वाऱ्याने जाळ थेट शेजारच्या काकूंच्या गोठ्याकडे नेला. गुरं सोडली, पण वर्षाचा पेंढा आतच.

"मुंबईला हेच शिकलास काय रे?" काकू ओरडत होत्या.

बंब यायला तास लागला; तोवर आम्ही बादल्यांनी पाणी मारून जाळ थोपवत होतो. आग मी लावलेली, तरी ओरडलो मीच, "आता येताय? झोपला होतात?"

बंबावरून पन्नाशीचा एक जवान उतरला. त्याच्या पायात एक काळा, एक हिरवा गमबूट होता. त्याने पाइप उलगडला. पाइपाला चार ठिकाणी सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तरी पाणी भसाभसा गळत होतं. सगळ्यात मोठं भोक त्याने चक्क मांडीखाली दाबलं आणि धार गोठ्यावर धरली. अर्धा पेंढा वाचला.

आग विझल्यावर मी त्याला प्यायला पाणी देत विचारलं, "नवा पाइप देत नाहीत?"

"आलाय ना. कपाटात हाय. सायेब तपासणीला आले की दाखवायचा. वापरला तर खराब होईल, म्हणतात."

माझं डोकं तडकलं. त्याने शांतपणे अहवालाचा छापील कागद काढला. "आगीचं कारण काय लिहू, भाऊ?"

"माझा गाढवपणा लिहा. आणि त्या कपाटाचंही लिहा!"

"त्याला रकाना नाय," तो म्हणाला आणि माझंच नाव विचारलं.