ऑपरेशनच्या सकाळची दही-साखर

माझ्या लेकीची लघवी उलटी वर चढायची, मूत्राशयातून थेट किडनीकडे. रोज अँटिबायोटिक देऊनही ताप येतच राहिला, आणि चार वर्षांची व्हायच्या आतच तिच्या डाव्या किडनीवर व्रण दिसला. आणखी एक मोठं इन्फेक्शन त्या किडनीला झेपणार नाही, असं सर्जनबाईंनी स्पष्टच सांगितलं. ऑपरेशन करून मूत्रनलिका नव्याने बसवायची ठरली. तारीख मिळायला कितीतरी महिने गेले.

सासूबाई त्यासाठी नागपूरहून इकडे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आल्या. त्या सकाळी पोरीला काहीही खायला द्यायचं नाही, हे मी त्यांना इतकं बजावलं की शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, कळलं मला."

हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंय का? मी ऐटीत 'नथिंग' म्हणाले. सासूबाईंनी माझी बाही ओढली.

"मी दही-साखर दिली ना तिला. तू गाडी काढत होतीस तेव्हा."

"आई, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"ते काय खाणं असतं? लेकरू एवढ्या मोठ्या कामाला निघालं होतं. हातावर चमचाभर ठेवली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो खाली बुटांकडे बघत बसलेला. तारीख हातची गेली, असंच मी धरून चालले. डॉक्टरांना इंग्रजीत सगळं सांगताना माझा आवाज चांगलाच चढला होता.

डॉक्टर मात्र खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसले. "प्लीज, त्यांना माझं थँक यू सांगा," ते मला म्हणाले. भुलीत पोटातलं दही फुप्फुसात गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. सासूबाईंना गप्प बसता आलं असतं, पण त्या बोलल्या. हे मराठीत सांगता सांगता मीच वरमले.

सर्जनबाईंशी बोलून डॉक्टरांनी लेकीचा नंबर शेवटी टाकला. आधीची ऑपरेशनं लांबली तर मात्र आज जमायचं नाही, हेही सांगितलं. दुपारभर लेक तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत "माझी पोट रिकामा झालाय" म्हणून रडत होती आणि सासूबाई तिला खांद्यावर टाकून वॉर्डात फेऱ्या मारत होत्या. चार वाजून गेले, तेव्हा सर्जनबाई स्वतःच बोलवायला आल्या. ऑपरेशन नीट झालं. आमच्यासाठी त्या सगळ्यांनाच त्या दिवशी घरी जायला उशीर झाला. कुणी तसं बोलूनसुद्धा दाखवलं नाही. मी ते कधीच विसरणार नाही.

हिवाळ्यात पोरीचं अंग पुन्हा तापलं. लघवी तपासली, तर स्वच्छ निघाली. जीपी, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टर, म्हणाल्या, साधी सर्दी आहे. बाहेर येऊन गाडीत बसले आणि तिथूनच नागपूरला फोन लावला.

"आई, ताप आलाय तिला. पण सर्दीचा. नुसती सर्दी आहे."

"सर्दी होय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.