आबांनी चिकटवलेलं दुखणं

मी पुण्याला निघाले त्या दिवशीही आबांनी खव्याची भट्टी बंद ठेवली नव्हती. आमच्या ईट गावाकडं भट्टी थंड राहते ती घरात कुणी वारलं तरच. दूध आलं की आटवायलाच लागतं, त्याला लेकीची नोकरी कळत नाही. आई माझ्याबरोबर एसटीपर्यंत आली होती. आबा गाडी सुटता सुटता भट्टीवरून आले, हात तसेच तुपकट, आणि खव्याचा पुडा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "नीट ऱ्हा. कुणी नाव ठिवंल असं वागू नको." घाट उतरेपर्यंत मी रडले आणि घाट संपल्यावर खवा खाल्ला. खोटं कशाला सांगू, भूक लागली होती.

हडपसरला एका लॅबमध्ये नोकरी लागली होती. तिथल्या मैत्रिणीनं एका रविवारी मला ओढतच तिच्या रनिंग क्लबला नेलं. हौसेनं पळणारी माणसं मी तिथं पहिल्यांदा पाहिली. आपल्याकडं माणूस पळतं ते म्हैस सुटली म्हणून, नाहीतर एसटी सुटली म्हणून. सपाटीवर मी चारचौघींसारखीच होते. पण टेकडीच्या सरावाला, म्हणजे चढ पळत चढायचा, चालत उतरायचं आणि परत चढायचा, तिथं सगळे फेस आल्यागत बसले आणि मी उभी. दुधाची किटली डोक्यावर घेऊन घाट चढण्यात बालपण गेलेलं, मला कसली धाप लागतीय! आता टेकडीचा ग्रुप माझ्याकडं आहे. मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब माझ्या मागून धापा टाकत येतात, आणि मला ते लई आवडतं.

गावाकडच्यांनो, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनी ऐका. पहिल्या दिवाळीला मी सकाळी आपल्याच घाटात पळायला गेले. गावच्या शिटा भरून नेणारी सलीमचाचांची वडाप जीप करकचून थांबली. बाईमाणूस घाटात पळतंय म्हणजे काहीतरी अशुभ घडलं, असं समजून चाचांनी मला विचारायच्या आत आत बसवलं. चौकात उतरले तर माझ्याआधी बातमी पोचलेली. सगळ्यांनी आबांना घेरलं. आबा आधीच ओशाळलेले, त्यांनी सांगून टाकलं की शुगर आहे म्हणून डॉक्टरनं पळायला सांगितलंय.

झालं! त्या दिवसापासून मी आजारी. दर सुट्टीला कुणी कारल्याचा रस आणून देतं, चुलती मेथीचे लाडू पाठवते, आणि शुगर आहे म्हटल्यावर पोरीचं जमायचं कसं, यावर बायकांची बैठक बसते. मी चिडून आबांना म्हटलं, खरं का नाही सांगत? ते खाली बघून म्हणाले, "बिनकामाची पळती म्हणून कसं सांगू? दुखण्याला कुणी हसत न्हाय." त्यांचं म्हणणं मला कळलं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. स्पर्धांची पदकं मी ढिगानं आणली असती, पण मला हवी होती एकच गोष्ट. माझी पोर हौसेनं पळते, एवढं आबांनी चारचौघांत म्हणावं.

या हिवाळ्यात क्लबला लांब चढ हवा होता. मी म्हटलं, चला आमच्या घाटात. आबांना फोनवर कळवलं, ते नुसतं "बरं" म्हणाले.

रविवारी सकाळी सगळे घाटाला लागले. मी पुढं होते. माथ्यावर पोचते तो आबा उभे, हातात तांब्या, शेजारच्या दगडावर गुळाचे खडे. उन्हातून आलेल्याला आपल्याकडं आधी गूळपाणी. मी तांब्याला हात लावणार एवढ्यात खालून सलीमचाचांची जीप आली, आणि आत आमच्या क्लबचे दोघे बसलेले! चाचांनी त्यांना वाटेत उचललं होतं, आणि एकाचा गुडघा दुखत होता म्हणून त्यानं नको म्हटलं नव्हतं. चाचा घाबरेघुबरे होऊन उतरले. "आबा, खैरियत हाय ना? भट्टीचा धूर न्हाय, आन् घाटात हे सगळे पळत सुटलेत. कोण गेलं?"

भट्टीचा धूर न्हाय? मी वळून गावाकडं पाहिलं. खरंच नव्हता. जीपमधली गावची माणसंही उतरून आबांकडं बघत होती. आता पुन्हा डॉक्टर निघणार, असंच मला वाटलं.

"कुणी गेलं न्हाय," आबा म्हणाले. "बिमारी बी न्हाय कुणाला. माझ्या पोरीला पळायचा शौक हाय. ते बघायला आज भट्टी बंद ठिवलीया. त्या दोघांना खाली सोड, चढू दे त्यांचं त्यांना."

त्या दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, दोन घोट पाणी प्याले. तांब्या आबांना परत दिला, घाट उतरले आणि पुन्हा चढले. आबा बघत होते म्हणून जरा जोरातच.

घर कुठलं, असं पुण्यात कुणी विचारलं की पूर्वी मी सोडून आलेल्या गावाचं नाव सांगायचे. आताही तेच नाव सांगते, पण सोडून आल्यासारखं वाटत नाही. तिथं आता मला पळायला दुखण्याचं निमित्त लागत नाही. चुलतीचे मेथीचे लाडू तेवढे अजून येतात. शुगर नाही हे तिला कळलंय, पण चढाला ताकद लागते म्हणते.