मागच्या चाकांचा दाब

माझी मावशी फक्त ब्रेकची कामं करते. इंजिन घेऊन आलेल्याला ती शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवते. "पळवणारे ढीगभर आहेत," म्हणते, "थांबवणारं कुणीतरी हवं."

त्या सकाळी निवृत्त मास्तर आपली चाळीस वर्षांची गाडी घेऊन आले. त्यांच्या पत्नी मागून बसने आल्या.

"पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतले आणि पस्तावलो," मास्तर म्हणाले. "परवा जोरात ब्रेक दाबला, तर गाडी गर्रकन आडवी. तेव्हापासून ही गाडीत बसत नाही. काढा ते डिस्क. जुने ड्रमच बरे होते."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, मास्तर," म्हणत मावशी गाडीखाली शिरली.

मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या नळीवर एक छोटा व्हॉल्व्ह होता, त्याला फिरवायची कळ. मागचा दाब किती ठेवायचा ते ती ठरवते.

"ही पूर्ण कुणी उघडली?"

मास्तर चष्मा पुसू लागले. "मीच. म्हटलं, ब्रेक जितका जास्त तितका चांगला."

"घरी मिठाचंही असंच करतात," बाई म्हणाल्या.

मावशी हसली नाही. "ब्रेक दाबला की सगळा भार पुढे झुकतो," ती म्हणाली. "मागची चाकं हलकी होतात. हलक्याला दाब जास्त झाला की ते आधी अडकतं, आणि गाडी शेपूट फिरवते."

तिने कळ दोन वेढे उलट फिरवली. डाव्या बाजूच्या दोन्ही टायरांवर खडूने जाड पट्टा ओढला आणि उरलेला खडू बाईंच्या हातात दिला.

"तुम्ही त्या भिंतीपाशी उभ्या राहा. कोणतं चाक आधी अडकतं, ते तुम्हीच सांगायचं."

"मी? मला त्यातलं काय कळतंय?"

"पट्टा फिरायचा थांबलेला दिसेल ना? मग झालं."

मावशी एकटीच गाडीत बसली. रिकामी गाडी जास्त खोडकर, तिलाच आधी वळण लावायचं. शेडमागच्या मोकळ्या फरसबंद आवारात तिने बेताचा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. टायर किंचाळले.

"मागचं आधी," बाई म्हणाल्या.

आणखी एक वेढा.

"मागचंच. पण थोड्याच फरकाने."

आणखी अर्धा. बाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या, सुईत दोरा ओवताना बघावं तशा एकटक.

"पुढचं. मग मागचं." त्या ताठ झाल्या. "पुन्हा दाखवा."

मावशीने पुन्हा दाखवलं. मग तिसऱ्यांदा, न मागता. गाडी तिन्ही वेळा सरळ रेषेत थांबली. मावशीने कळीचा नट आवळला आणि किल्ली मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"ड्रम लावायचे का मग?"

मास्तर बायकोकडे बघत होते. बाईंनी खडूचे हात झटकले, पुढचं दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसल्या.

"चला. आणि त्या कळीला पुन्हा हात लावलात," काच खाली करत त्या म्हणाल्या, "तर मिठाची बरणीही कुलपात जाईल."