परक्या हाताचा टाका

माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यावर दुसऱ्याच कुणा बाईचा टाका आहे, हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, टाका तो टाका, त्यावर काय बाईचं नाव गोंदलेलं असतं? असतं. तुम्ही फाटलं की टाकून देणारी माणसं, तुम्हाला ते वाचता यायचं नाही. दुसऱ्या लढाईचे दिवस होते, कापड कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर मोजून मिळायचं. आमच्या उत्रोली गावात नवं कापड दोघांच्याच अंगावर दिसायचं, नवरदेवाच्या आणि मढ्याच्या. (मढ्याच्या अंगावर ते वाया जातं, म्हणून म्हातारे हळहळायचे.) बाकी सगळं गाव ठिगळांत. लुगडं मधे विरलं की मधला भाग कापून टाकायचा, दोन्ही टोकं जोडून दंड घालायचा. ते विरलं की त्याची चोळी, चोळी विरली की वाकळेत, आणि वाकळ विरली की थंडीत म्हशीच्या पाठीवर. त्यामुळे ओढ्यावर धुणं आपटताना कुठला टाका कुणाच्या हातचा, हे आम्हा बायकांना चेहऱ्यासारखं ओळखू यायचं.

माझा टाका तर आंधळ्यानंही ओळखला असता. माझं माहेर विंझरचं. तिथं मला एकच शिवण शिकवली होती, भाताच्या पोत्याचं तोंड शिवायची. दाभण आत, दाभण बाहेर, गुडघा टेकवून दोरी ओढायची की झालं. लग्न होऊन आले तेव्हा दाभण जाऊन हातात सुई आली, पण गुडघा तसाच राहिला. यांचा सदरा फाटला की मी तो पोत्यासारखा शिवायची. हे भोरात भाताच्या वखारीत कामाला होते, पोती उचलून काट्यावर ठेवायचे. एकदा बिचकत म्हणाले, "काखेत जरा टोचतंय."

"टोचतंय म्हंजी टिकतंय," मी म्हणाले. विषय संपला.

आणि एके दिवशी धुणं वाळत घालताना बघते, तर त्याच काखेत नवं ठिगळ! कडा आत मुडपलेल्या, गाठ कुठं दिसेल तर शपथ, आणि टाके खसखशीसारखे बारीक. बोट फिरवलं तर रेशीम. इतक्या बारीक टाक्यानं शिवायचं म्हणजे किती वेळ लागत असेल, आणि इतका वेळ ही कोण बाई माझ्या नवऱ्याची काख हातात घेऊन बसते?

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की सदरा कुणी शिवला. हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तूच की. तुजा हात लई सुदारला बघ. आता टोचत न्हाई."

झालं. खरं बोलणारा नवरा इतकं गोड बोलत नाही, हे मला आईनं सांगून ठेवलं होतं. मी त्या रात्री त्यांच्याकडे पाठ करून झोपले. त्यांना ते सकाळपर्यंत कळलंही नाही, तेव्हा तर संशय पक्काच झाला.

घरात विचारायचं तर एक सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. एके काळी त्यांच्या शिवणाचं पंचक्रोशीत नाव होतं. 'उत्रोलीच्या पाटणीणबाईचा टाका' म्हणून बायका त्यांच्या चोळ्या उलट्या करून बघायच्या. मी घरात आले आणि त्यांनी सुई माझ्या हाती देऊन टाकली. म्हणाल्या, आता डोळ्यांना दिसत नाही. (परड्याच्या टोकाला वाळवणात कोंबडी शिरलेली मात्र त्यांना चुलीपासून दिसायची.) मामंजींचे, म्हणजे सासऱ्यांचे कपडे तेवढे अजून त्याच शिवतात, असं त्या सांगायच्या. दिसत नाही मग कसं शिवता, विचारलं तर म्हणायच्या, "अंदाजानं."

मी सदरा त्यांच्यापुढे धरला. "आत्याबाई, ह्यो टाका कुनाचा?"

त्यांनी तो डोळ्यांपर्यंत नेला, आणि निखारा हातात आल्यासारखा परत दिला. "मला न्हाई दिसत बाई. आन् सुंद्रे, असलं काय दिसलं तरी बाईच्या जातीनं तोंड मिटावं."

म्हणजे आत्याबाईंना ठाऊक आहे! आधी वाटलं, त्यांनीच तर नसेल शिवला? पण पुढच्याच आठवड्यात आत्याबाई हिर्डोशीला माहेरी गेल्या, आणि त्या तिकडे असतानाच यांच्या कोपरावर दुसरं खसखशी ठिगळ उगवलं. आत्याबाई सुटल्या. उरलं गाव.

गावात माझा संशय हिरावर बसला. हिरा शेजारची, सासरी भांडून माहेरी आलेली, आणि आमचे हे वखारीतून येताना तिच्या आईला मीठमिरची आणून द्यायचे. मी चाळण मागायच्या निमित्तानं तिच्या घरात शिरले. हिरा चाळण शोधायला आत गेली, तशी मी तिची वाकळ उलटी केली आणि टाके बघायला लागले. इतकी नाक लावून बघत होते, की ती मागे येऊन उभी राहिलेली कळलं नाही.

"काय शोदतीस गं?" ती म्हणाली. "ढेकूण?"

मी म्हणाले, "व्हय."

चाळण न घेताच मी पळाले. हिराचा टाका माझ्यापेक्षा वाईट होता, तिच्यावरचा संशय फिटला. पण दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बातमी माझ्याआधी पोचली होती, की पाटणीणबाईची सून लोकांच्या अंथरुणांत ढेकूण मोजत फिरते. हिराच्या आईनं निरोप धाडला, की आत्याबाई हिर्डोशीहून येऊ देत, मग दारात येऊन एकदाच काय ते विचारते.

मला मात्र ढेकणांची फिकीर नव्हती. गावात नाही म्हणजे ती बाई भोरात असणार, आणि भोरची बाई म्हणजे पायात चपला घालणारी असणार! मी माहेरी जायचं ठरवलं, कायमचं. दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून कणगीमागं ठेवलं. फक्त जाण्याआधी पुरावा हवा होता, नाहीतर विंझरला आईच मला काठी घेऊन परत पोचवायला आली असती.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही हात चोळते. यांचा एकच धड सदरा होता, लग्नातला. पेटीत ठेवलेला, सणावाराला अंगावर चढणारा. तो मी काढला, छातीवर मधोमध धरला आणि टर्रकन फाडला. कंट्रोलच्या दिवसांत! कुणी बघितलं असतं तर आधी अंगारा लावला असता. शिवायला कोण घेऊन जातं ते बघायला तो मी परड्यात दोरीवर टाकला. हे त्या दिवशी घरीच होते, माळ्यावर कौलं शेकारत होते. आत्याबाई आदल्या दिवशीच परतल्या होत्या. शेतावर जाते म्हणून सांगून मी मागच्या बाजूनं आले आणि पेंढ्याच्या गंजीत घुसून बसले. पेंढा नाकात जात होता, पण मी शिंक गिळली. संसार बुडत असताना शिंकायचं नसतं.

बाई कुणी आली नाही. आले ते मामंजी!

मामंजी म्हणजे कोण, ते सांगते. पहिल्या लढाईत ते पलटणीबरोबर थेट समुद्रापलीकडं बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. मिशी अशी, की कुत्रीसुद्धा त्यांना बघून भुंकायच्या आधी विचार करायची. मी त्यांच्यापुढे पदर नाकापर्यंत ओढायची. बोलणं तर सोडाच. सून सासऱ्याशी थेट बोलत नसे आणि सासरा सुनेशी. मधे कुणीतरी लागायचं, नसलंच तर भिंतीला सांगायचं.

तर असे मामंजी परड्यात आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, माझा फाडलेला सदरा दोरीवरून ओढला, घोंगडीखाली दडवला आणि गोठ्याकडे सटकले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासू गप्प बसणारी आणि सासरा माल पोचवणारा! अख्खं घर सामील! मी गंजीतून उठले ती डोक्यावरचा पदर विसरून, केसांत पेंढा घेऊन, भुतासारखी गोठ्याच्या दारात उभी राहिले.

गव्हाणीच्या कडेवर मामंजी मांडी घालून बसले होते. मांडीवर सदरा. उजव्या हातात सुई. दोऱ्याचं टोक दातात. आणि फाडलेल्या छातीवर खसखशीचे टाके एकामागून एक पडत होते.

आमची दोघांची नजर भेटली. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी पदर ओढायला गेले तर हातात पेंढाच आला. मामंजींनी दोरा तसाच दातात ठेवून समोरच्या म्हशीकडे तोंड फिरवलं.

"चंद्रे," ते म्हशीला म्हणाले, "सूनबाईस्नी इचार, ह्यो सदरा कशात आडकला व्हता? ह्ये खिळ्यानं फाटलेलं न्हाई. हातानं फाडल्यालं हाय."

मीही चंद्रीचाच आधार घेतला. "चंद्रे, मामंजींना म्हनावं, आमाला वाटलं भोरची कुनी बाई हाय."

चंद्री रवंथ करता करता थांबली. मामंजीही थांबले. मग त्यांची मिशी थरथरायला लागली. मला वाटलं राग. ते हसू होतं.

चंद्रीमार्फत हळूहळू सगळं बाहेर आलं. पलटणीत बसऱ्याला फाटलं तर शिवून द्यायला बायको नव्हती, तिथं त्यांनी सुई धरली. परत आल्यावर घरचं सगळं शिवण तेच करायचे, गोठ्यात बसून. पण मिशीवाला पलटणीतला गडी सुई चालवतो म्हटल्यावर गावानं बांगड्या भरायला बोलावलं असतं, म्हणून नाव आत्याबाईंचं. आत्याबाईंना सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता, तरुणपणापासून! आणि आता यांचा सदरा का?

"चंद्रे," मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, "पोराच्या काखंत जखम झालती. पोतं उचालताना कळवळायचा. सुनंला सांगायची सोय न्हाई, मंग काय करायचं मानसानं? आन् ह्ये भाईर गेलं तर तुज्या सासूची आब्रू जाईल, एवडं ध्यानात ठेव."

म्हशीनं ध्यानात ठेवलं असावं. पण नेमका तेवढ्यात अंगणात हिराच्या आईचा आवाज चढला, "कुठं हाय ती ढेकनं मोजनारी?" माळ्यावरून हे उतरले, घरातून आत्याबाई निघाल्या, आणि सगळी वरात गोठ्याकडे वळली.

बसऱ्याला तोफांपुढे उभे राहिलेले मामंजी हिराच्या आईला घाबरले. त्यांनी सुईसकट सदरा माझ्या हातात कोंबला आणि शेणाची पाटी उचलली. दोऱ्याचं टोक दातात आहे, हे मात्र विसरले! सगळे दारात येऊन बघतात तो सूनबाई सदरा धरून उभी, मामंजी पाटी धरून उभे, आणि सदऱ्यापासून मिशीपर्यंत पांढरा दोरा ताणलेला.

मी चंद्रीकडे बघितलं. तिनंही मान फिरवली.

तेव्हा आत्याबाई पुढे झाल्या. शांतपणे म्हणाल्या, "आसं काय बगताय? दोरा दातानं तोडावा लागतो. माज्या तोंडात हायत का दात? त्यांचं हायत, म्हनून मीच धाडली तिला." आणि मामंजींना, "तोडा की आता."

मामंजींनी कट्कन दोरा तोडला. इतकी वर्षं खोटं बोलायचा सराव होता बाईला, उगीच नाही!

हिराच्या आईनं सदरा माझ्या हातातून घेतला, उलटा केला, सुलटा केला. भांडण बिचारी विसरूनच गेली. "आगं बया, हा टाका तुजा? सासूचा हातच उचललास की." आणि हे, छाती फुगवून, "मी तवाच म्हनलं न्हवं, हिचा हात सुदारला."

गाठोडं मी संध्याकाळी गुपचूप सोडलं. पण खरी शिक्षा पुढेच होती. दुसऱ्या दिवशी हिरा तिची लग्नातली चोळी घेऊन आली, मागोमाग सगळी आळी. मी सगळं ठेवून घ्यायची आणि गोठ्यात नेऊन टाकायची. शेवटी मामंजी वैतागले आणि त्यांनी मला शिवण शिकवायचं ठरवलं, अर्थात चंद्रीमार्फत. "चंद्रे, सुई आडवी धर. चंद्रे, गुडघा काड तिथनं. चंद्रे, ह्ये काय पोतं हाय?" जनावर गुणी होतं, ऐकून ऐकून त्याला सगळं समजलं असणार. बोटं असती तर गावाचं शिवण तिनंच केलं असतं. माझा टाका मात्र पोत्याचा तो पोत्याचाच राहिला. मामंजी होते तोवर गावात माझं नाव गाजलं, आणि हे तो छातीवर सांधलेला सदरा जत्रेला मुद्दाम उपरणं बाजूला सारून मिरवायचे.

परवा नातसून नातवाचा सदरा घेऊन आली. काखेत उसवलेला. म्हणाली, "आजी, तुमच्या टाक्याचं एवढं नाव होतं म्हणतात. मला शिकवा ना."

मी सदरा घेतला, डोळ्यांपर्यंत नेला आणि परत दिला. म्हटलं, "मला न्हाई दिसत गं बाई." तेवढ्यात परड्याच्या टोकाला कोंबडी वाळवणात शिरली, आणि मी बसल्या जागेवरून तिला हाकललं.

नातसून माझ्याकडे बघतच राहिली. नजर ओळखीची होती, तेव्हाची माझीच, संशयाची. ती आता खरा टाका कुणाचा ते शोधत गोठ्यापर्यंत जाणार, आणि तिथं तर आता म्हैससुद्धा नाही माझी बाजू घ्यायला.