लॉजची चादर

लाँड्रीवाल्याच्या पोरीला घरात महाराणी म्हणत, आणि ते लाडाचं नाव नव्हतं. दर महिन्याला ती इस्त्रीचं टेबल सोडून मागच्या खोलीत जाऊन पडायची. मग बाप पुढून ओरडायचा, "निघाली का महाराणींची स्वारी विश्रांतीला?" दुकानात गिऱ्हाईक असलं तर तेही हसून घ्यायचं. पोरगी पंधरा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर टाकून उशांचे अभ्रे इस्त्री करायला उभी राहायची. हात बापासारखाच चपळ. पण महिन्यातले ते दिवस आले की इस्त्री मध्येच थांबायची आणि ती टेबलाची कड घट्ट धरून नुसतीच उभी राहायची. बापाला तो कामचुकारपणा वाटे. त्याला सांगणार कोण?

सांगायचं तर ते असं होतं. पाळी आली की ओटीपोटात कळ उठायची, कमरेला वेढा घालून मांड्यांत उतरायची, आणि मग ओला कपडा पिळावा तसं पोट आतून पिळून निघायचं. ओकाऱ्या यायच्या, हातपाय गार पडायचे. वर्गात एकदा ती बाकावर डोकं टेकून बसली, तर बाईंनी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "काय गं, झोप झाली नाही वाटतं?" डोकं दुखतंय, असं तिनं सांगून टाकलं. डोकं चारचौघांत दुखलेलं चालतं. पोट दुखलं तर लोक कुठे, कसं, कशामुळे विचारतात, आणि तिथेच तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

आईला तिनं सांगितलं होतं, एकदाच. आई तेव्हा शर्टाची कॉलर घासत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्याच बायकांना दुखतं. आम्ही नाही कधी एवढा बाऊ केला." झालं! पोरीनं तेव्हापासून मनाशी धरून ठेवलं की दुखणं सगळ्यांचं सारखंच, आपणच तेवढ्या पुचाट. कळ तरी काही तासांनी ओसरायची. ही लाज महिनाभर पुरायची.

आता लाँड्रीचं थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते लाँड्रीवाल्याच्याच घरात होऊ शकतं. मागच्या अंगणात चुलीवरच्या एका मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असे. त्याला सगळे भट्टी म्हणत. भट्टीवर मावशी होती. नात्यानं ती कुणाचीच मावशी नव्हती. नवरा गेल्यावर कामाला आली आणि घरचीच होऊन गेली. भट्टीत काय जाणार आणि काय नाही, हे तिच्या हातात. इतर डागांचं कसंही चालेल, पण रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात. गरम पाणी लागलं की रक्त धाग्यात मुरतं, मग काही केल्या निघत नाही. त्या घरातली पोरं हे पाढ्यांच्या आधी शिकायची.

अलीकडे मावशीची नजर अधू झाली होती. बाप बोललाही होता, "मावशी, भट्टी झेपत नसेल तर सांगा हं." मावशी ऐकू न आल्यासारखं करायची. कान मात्र तिचे ठणठणीत होते.

त्या दिवशी पोरगी शाळेतून आली तीच भिंत धरत धरत. मागच्या खोलीत लॉजहून आलेल्या चादरींचं बोचकं सुटून पडलं होतं. ती त्याच्यावरच कोसळली, गुडघे छातीशी घेऊन, दातांत दुपट्ट्याचं टोक धरून. बऱ्याच वेळानं कळ जरा सैलावली, आणि उठून बघते तो वरच्या चादरीवर हा एवढा डाग. तेवढ्यात बोळातून आईच्या चपला वाजल्या.

थंड पाण्याचा हौद अंगणाच्या पार टोकाला, भट्टी दाराशीच. पोरीनं चादरीचा बोळा केला, भट्टीत लोटला आणि काठीनं फेसाखाली दाबून धरला. आपण काय करून बसलो हे तिला आईच्या आधी, मावशीच्या आधी, सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण काठी काही तिनं वर उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापानं वाळलेली चादर उजेडात धरली. मधोमध तळहाताएवढा तपकिरी डाग, पक्का बसलेला.

"मावशी, हे काय?"

मावशीनं चादर नाकाशी नेली, तिरकी केली, बोटानं चाचपली. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "माझ्याच हातनं गेली असणार रे. दिसलं नाही मला. इतक्या वर्षांत असं कधी..."

"चालायचंच," बाप म्हणाला. माणूस वाईट नव्हता, आवाज खाली आणूनच बोलला. "पण आता तुम्ही घरी आराम करा. उद्यापासून भट्टीवर मी दुसरं कुणी बघतो."

मावशीनं मान डोलावली. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि कोरडेच हात पुसत राहिली.

पोरगी इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. तोंड मिटून राहिलं की झालं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कुणालाच शंका नव्हती. खुद्द मावशीनंच गुन्हा कबूल केला होता! बोलायचं तर नुसतं चादरीचं बोलून भागणार नव्हतं, डाग कुणाचा हेही आलंच, आणि तेही बापासमोर. त्यापेक्षा धरणी पोटात घेईल तर बरं. मावशी कोपऱ्यातली आपली पिशवी शोधत होती, हातांनी चाचपून.

"मावशीनं नाही टाकली," पोरगी म्हणाली. "मी टाकली."

"तू?" बापाला खरंच कळेना. "अगं, रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकायचा नाही, हे तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक होतं."

"मग?"

इस्त्रीची वाफ होती म्हणून तिचा चेहरा कुणाला नीट दिसला नाही, एवढंच नशीब. "डाग माझाच होता. मी चादरींवर पडले होते. मला उभं राहवत नव्हतं, बाबा. मला दर महिन्याला उभं राहवत नाही."

बापाचे कान लालबुंद झाले. दर महिन्याला आपण काय ओरडत होतो, ते त्याला आठवलं असावं, कारण त्यानं पोरीकडे बघितलंच नाही. चादर कुठे ठेवावी हेही त्याला सुचेना. शेवटी ती तशीच काखेत मारून तो पुढे जाऊन उभा राहिला. गिऱ्हाईक एकही नव्हतं. थोड्या वेळानं पडद्याआडून त्याचा आवाज आला, "मावशी, भट्टी विझेल बघा." मावशीनं पिशवी खाली ठेवली आणि काठी उचलली.

दाराशी उभं राहून सगळं ऐकणाऱ्या आईनं मात्र पोरीला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. "बापासमोर बोलायचं असतं का हे? मला सांगता आलं नसतं?"

"तुला सांगितलं होतं," पोरगी म्हणाली.

आई बाहेर गेली, इस्त्री आणि एक जुना टॉवेल घेऊन आली. टॉवेलची लांबट घडी घातली, तिच्यावरून इस्त्री फिरवली, उलटवून पुन्हा फिरवली, आपल्या गालाला लावून ऊब बघितली. पोरीला तिथल्या बोचक्यावर कुशीवर आडवं करून तिनं तो ओटीपोटाच्या डाव्या अंगाला, खाली, अगदी कळ उठायची तिथेच दाबून धरला. कुठे दुखतं हे विचारलं नाही. तिचे हात हे पहिल्यांदा करत नव्हते.

पोरगी तिच्याकडे बघतच राहिली. "तुलाही दुखायचं?"

"ह्याच बोचक्यांवर पडायचे मी. दाराला आतून कडी लावून."

"मग तेव्हा तसं का म्हणालीस?"

आईनं टॉवेल सारखा केला. तिची नजर वर येईना.

"लाज वाटली गं. तुझ्यासमोरसुद्धा."