भुलाबाईचं व्हार्निश

लेकीच्या लग्नासाठी दारांना व्हार्निश लावलं होतं. ती गेली, वास तेवढा राहिलाय.

लहानपणी त्याच वासाची आमची एक भुलाबाई होती. मातीची मूर्ती रंगवून झाल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तिच्यावर कपाटाचं उरलेलं व्हार्निश फिरवलं आणि लगेच चिंधीनं पुसलं. लुगड्याच्या चुण्यांत तपकिरी सावली उरली.

"सावली पडली का जीव येते पाह्य," आक्का म्हणाली.

कोजागिरीला, महिनाभर माहेरी आलेल्या भुलाबाईची सासरी बोळवण म्हणून तिला नदीत सोडलं. त्याच हिवाळ्यात आक्का लग्न होऊन सोनाळ्याला गेली.

उन्हाळ्यात नदी आटली, तर वाळूत भुलाबाई जशीच्या तशी! व्हार्निशनं तिला विरघळूच दिलं नव्हतं. मी पळत घरी आणली.

"माय, भुलाबाई तं गेलीच नाही सासरी. मंग आक्का काऊन गेली वं?"

माय पदरानं भुलाबाईचं तोंड पुसत राहिली. वाळू केव्हाच निघाली होती.