आबांची डावी बाजू

गेल्या हिवाळ्यात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा सौम्य झटका आला. दवाखान्यातून साताऱ्याच्या घरी आणलं तेव्हा हातपाय चालत होते, बोलणंही स्वच्छ होतं. रजा संपत आली होती, म्हणून मी सांगलीला परतायची तयारी करत होते. जेवायला बसलो तेव्हा ते आईला म्हणाले, "चटणी न्हाई वाढलीस?"

"आवं, वाढलीया की. ताटातच हाय."

चटणी ताटात डावीकडे होती. आबा शोधत होते, पण त्यांची नजर भाकरीपाशी येऊन थांबायची. शेवटी आईनं ताट फिरवलं.

"आता कुठनं आली?"

आईला हसू आलं. मी मात्र आबांच्या गालाकडं बघितलं. सकाळी त्यांनी दाढीही उजव्याच गालाची केली होती.

डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. पण त्यांचं लक्षच डावीकडे जात नाही. लक्ष गेलं नाही की कुठली वस्तू कुठं आहे, किती लांब आहे, हे मेंदूला जुळवता येत नाही. सराव करून घ्या, आणि एकट्यानं बाहेर सोडू नका."

मी रजा वाढवली. आबांना मात्र हे पटेना. "फौजेत ट्रक चालवलेत मी. मला रस्ता वलांडता येत न्हाई व्हय?" दारातून जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला धडकायचा आणि ते चौकटीलाच शिव्या द्यायचे. घरात जरा शांतता झाली की मी उठून ते कुठं आहेत ते बघायचे.

एका सकाळी चप्पल जागेवर नव्हती. मी धावत बाहेर गेले. आबा रस्त्याच्या मध्यावर पोचले होते. उजवीकडून येणारी एसटी त्यांनी नीट थांबून जाऊ दिली होती. आता डावीकडून रिक्षा येत होती आणि ते सरळ पुढं निघाले होते.

"आबा, डावीकडं!"

त्यांनी उजवीकडं पाहिलं. ब्रेक करकचले. रिक्षाचा आरसा त्यांच्या सदऱ्याला घासून गेला.

"आवं काका, दिसत न्हाई का?" रिक्षावाला खाली उतरून ओरडला.

"ही कुठनं आली गं?" आबांनी मला विचारलं. ते खरंच विचारत होते. मग त्यांचा चेहरा उतरला. घरी येऊन बराच वेळ पायरीवर बसले आणि म्हणाले, "शिकव मला."

ओसरीवरच्या टेबलावर मी कप आणि तांब्या मांडायचे. अलीकडं काय, पलीकडं काय, ते त्यांनी सांगायचं. "डावीकडं बघा" म्हटलं की गोंधळायचे. एकदा चिडून ते स्वतःच ओरडले, "बाएँ देख!" आणि परेडमधल्यासारखी मान झटक्यात डावीकडे वळली. डावीकडचा तांब्या दिसला. मग रोज तेच.

आता ते एकटे फिरायला जातात. रस्त्याच्या मध्यावर थांबून पुटपुटतात, मान वळवतात, मगच पाऊल टाकतात. सांगलीहून मी सकाळी फोन करते. "फिरायला गेल्यात," आई म्हणते. ते परत आल्याचं कळेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.